पासपोर्टवरचा फोटो आणि दाद मागण्याचा हक्क

९ सप्टेंबर १९२० या एकाच दिवशी हिंदुस्थानात दोन कायदे झाले. त्या वर्षीचा तेहतिसावा कायदा कैद्यांची ओळख पटवण्यासंबंधीचा होता. शिक्षा झालेल्या माणसाचे छायाचित्र, बोटांचे ठसे आणि पावलांचे ठसे घेण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. चौतिसाव्या कायद्याने हिंदुस्थानात येणाऱ्याकडे पासपोर्ट असलाच पाहिजे असे नियम करण्याची मुभा सरकारला दिली, आणि पासपोर्ट म्हणजे धारकाचे छायाचित्र चिकटवलेला कागद हे तोवर महायुद्धाने ठरवून टाकलेले होते. क्रमांक लागोपाठ आले हा कामकाजातला योगायोग म्हणता येईल. दोन्ही कायद्यांमागची गरज मात्र एकच होती: समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, हे त्याच्या शब्दावर न विसंबता ठरवायचे आणि त्यासाठी त्याचे शरीरच साक्षीला काढायचे.

पासपोर्टवरच्या फोटोचा इतिहास सांगताना बहुतेक जण पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन हेरापासून सुरुवात करतात. ती हकिकत खरी आहे, पण ती कथेच्या मध्यावरची आहे. राज्यसंस्थेने ओळखीसाठी माणसाच्या चेहऱ्याचा फोटो सक्तीने मागितला तो आधी अशा लोकांकडून, ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती.

मॉरिशसचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तिथे गेलेल्या करारबद्ध मजुरांत मराठी बोलणारेही होते आणि त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात. उसाच्या मळ्यावरचा करार पुरा केलेला मजूर कायद्याने मोकळा झालेला असे, आणि मळेवाल्यांना नेमके तेच सलत होते. १८६७ च्या मजूर कायद्याने अशा ‘जुन्या’ स्थलांतरितांना स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. परवाना जवळ नसला की माणूस भटक्या ठरे आणि त्याला अटक होई. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये ॲडॉल्फ द प्लेवित्झ याच्या पुढाकाराने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि त्याच्या परिणामी पुढच्याच वर्षी चौकशीसाठी शाही आयोग बेटावर आला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची ती दप्तरे आणि छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. आज आपले खापरपणजोबा शोधत आलेल्या माणसाला तिथे एक चेहरा सापडतो आणि त्याला आनंद होतो. तो आनंद खोटा नाही. पण त्या चेहऱ्याच्या धन्याने कॅमेऱ्यापुढे बसण्यास होकार दिला होता का, हा प्रश्न त्या दप्तराच्या कोणत्याही रकान्यात नाही.

अमेरिकेने १८९२ च्या गिअरी कायद्याने चिनी मजुरांना वास्तव्याचा दाखला जवळ ठेवणे भाग पाडले आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती करून त्यावर छायाचित्र सक्तीचे केले. फ्रान्समध्ये आल्फाँस बर्तियाँ या पोलीस कारकुनाने १८८० च्या दशकात गुन्हेगारांचे समोरून आणि बाजूने असे दोन ठरावीक फोटो घेण्याची शिस्त घालून दिली होती. १९१२ च्या कायद्याने तीच शिस्त भटक्या जमातींना लागू झाली, आणि तेरा वर्षांवरील प्रत्येकाला मोजमापे, ठसे व फोटो असलेली वही घेऊन फिरणे भाग पडले. ती वही १९६९ पर्यंत चालली. आपल्याकडे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींच्या नोंदणी झालेल्या लोकांचे बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केलेलीच होती. प्रतिष्ठित गोऱ्या प्रवाशाकडून मात्र या काळात कोणी असे काही मागत नव्हते. त्याच्या पासपोर्टवर फार तर उंची, डोळ्यांचा रंग आणि नाकाचा आकार लिहिलेला असे, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी तर पासपोर्टवाचून चाले.

आता तो हेर. कार्ल हान्स लोडी हा जर्मन नौदलाच्या राखीव दलातला अधिकारी चार्ल्स इंग्लिस या अमेरिकी नागरिकाच्या खऱ्या पासपोर्टवर ऑगस्ट १९१४ मध्ये एडिंबरोत उतरला. पासपोर्टवर फोटो नव्हता आणि लोडी अमेरिकी धाटणीचे इंग्रजी सफाईने बोलत असे. ऑक्टोबरमध्ये तो आयर्लंडमध्ये पकडला गेला आणि ६ नोव्हेंबर १९१४ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला आणि १९१५ पासून ब्रिटिश पासपोर्टवरही तो आला. या क्रमावरून फोटोची गरज सिद्ध झाली असे सर्वांनी धरले. पण लोडी सापडला तो स्टॉकहोमच्या पत्त्यावर त्याने पाठवलेल्या तारा आणि पत्रे टपाल तपासनिसांच्या हाती लागली म्हणून. पासपोर्टवर फोटो असता तर त्याने दुसरी युक्ती केली असती, आणि त्यानंतरच्या हेरांनी ती केलीच. फोटो निरुपयोगी होता असे मी म्हणत नाही. आणीबाणीच्या भरात आलेला उपाय किती कामी आला हे तपासण्याआधीच तो कायमचा झाला, एवढेच म्हणतो.

सुरुवातीची वर्षे मात्र गमतीची होती. फोटो कसा असावा याला फारसा नियमच नव्हता. लोक घरच्या अल्बममधला फोटो कापून पाठवत. कोणी टोपी घालून, कोणी बागेत बसून, कोणी कुटुंबासह काढलेला. वर्णनही सोबत लिहावे लागे. १९१५ मध्ये एका इंग्रज लेखकाने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून तक्रार केली की, त्याने अर्जात आपला चेहरा ‘बुद्धिमान’ असल्याचे लिहिले असता कुणा अनोळखी अधिकाऱ्याने परस्पर तो ‘लंबगोल’ ठरवला. या पत्राचे हसू येते, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. सरकारने आपल्याविषयी काय नोंदवले आहे ते त्या गृहस्थाला वाचता येत होते, आणि वाचता येत होते म्हणून त्यावर भांडताही येत होते.

फोटोची बाजू घ्यायची तर तीही याच जागेवरून घेता येते. ओळखीच्या सर्व खुणांमध्ये फोटो ही धारकाला स्वतःला वाचता येणारी जवळपास एकमेव खूण आहे. बोटांच्या ठशांचा अर्थ तज्ज्ञ लावतो. शेतमजुराच्या किंवा गवंड्याच्या झिजलेल्या बोटांचा तर यंत्रालाही लागत नाही, हे शिधावाटपाच्या दुकानापुढे उभे राहिलेल्यांना सांगायला नको. फोटो मात्र निरक्षर माणूसही पाहू शकतो आणि ‘हा मीच आहे, नीट बघा’ असे खिडकीतल्या अधिकाऱ्याला सांगू शकतो. पाहणारा माणूस, ज्याला पाहायचे तो माणूस आणि कागद हे तिघे एका जागी असतात, आणि निर्णय चुकला तर तो कोणाचा चुकला हे ठाऊक असते. म्हणून सक्तीचा हा सारा इतिहास माहीत असूनही पासपोर्टवरच्या फोटोला माझा विरोध नाही. माझा आक्षेप फोटो पाहणारा बदलल्यावर हे दाद मागणे हातातून निसटत चालले आहे, याला आहे.

राष्ट्रसंघाने १९२० मध्ये पॅरिसला भरवलेल्या परिषदेने पासपोर्टचा एकसारखा नमुना ठरवला, आणि पुढे कधीतरी पासपोर्टची पद्धतच उठावी अशी आशाही व्यक्त केली. आशा विरली, नमुना उरला. खरा बदल शतकाच्या अखेरीस झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, १९८० मध्ये यंत्राला वाचता येणाऱ्या पासपोर्टचे मानक प्रसिद्ध केले आणि २००३ मध्ये जगभर चालेल अशी मुख्य शारीरिक खूण म्हणून चेहरा निवडला. इतर काही खुणांपेक्षा चेहऱ्याची निवड सोपी होती, कारण फोटो द्यायची सवय लोकांना लागलेलीच होती. त्यानंतर आले ते नियम आपल्या सर्वांच्या परिचयाचे: फिकी पार्श्वभूमी, चेहऱ्याने व्यापलेली ठरावीक जागा, मिटलेले ओठ, चेहऱ्यावर कोणताही भाव नको. ब्रिटनने २००४ मध्ये हसण्यावर बंदी घातली तेव्हा वर्तमानपत्रांनी विनोद केले, पण त्यामागचे कारण विनोदी नव्हते. डोळे, नाक आणि ओठ यांच्यातली अंतरे मोजणाऱ्या यंत्रणेला हसरा चेहरा अडचणीचा ठरतो.

माणसाच्या डोळ्यांना मात्र हसू अडचणीचे नसते. यॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, अनोळखी माणसाचे दोन फोटो ताडून पाहताना चेहरे मोकळेपणी हसरे असतील तर पाहणाऱ्यांचे निर्णय अधिक अचूक येतात, कारण प्रत्येकाच्या हसण्यात त्याचे असे काही असते. म्हणजे पासपोर्टवरचा निर्विकार चेहरा खिडकीतल्या अधिकाऱ्याच्या सोयीसाठी नाही. तो अधिकारी आता फोटोचा मुख्य वाचक राहिलेला नाही, आणि वाचक बदलला हे फोटो देणाऱ्याला कोणी विचारले तर नाहीच, धड सांगितलेही नाही.

यावर उत्तर असे दिले जाते की माणूस चुकतो, यंत्र कमी चुकते. माणूस चुकतो हे अगदी खरे आहे. १९९७ मध्ये ब्रिटनमधील एका प्रयोगात सुपरमार्केटच्या कॅशियरांना फोटो लावलेली क्रेडिट कार्डे तपासायला दिली, तेव्हा दुसऱ्याच्या फोटोचे कार्ड घेऊन आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक सुटले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात तर समोर दुसराच माणूस असताना १४ टक्के वेळा तो खरा मानला गेला, आणि नोकरीच्या अनुभवाने त्यात काहीच सुधारणा दिसली नाही. शंभर वर्षे ज्या तपासणीवर आपण विसंबलो ती एवढी डळमळीत आहे, हे पचवायला जड जाते. तेव्हा यंत्राची मदत घेण्याला तत्त्वतः आक्षेप घेता येणार नाही.

पण यंत्र सगळ्यांच्या बाबतीत सारखे चुकत नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले आणि गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ते १ टक्क्याच्या आत राहिले. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या पासपोर्ट संकेतस्थळाने आशियाई वंशाच्या एका तरुणाचा फोटो ‘डोळे मिटलेले आहेत’ म्हणून नाकारला. त्याचे डोळे उघडे होते. २०२० मध्ये बीबीसीने ब्रिटनच्या ऑनलाइन फोटो तपासणीची चाचणी घेतली, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत काळ्या स्त्रियांचे फोटो दुपटीहून अधिक वेळा सदोष ठरवले गेले. आपल्या देशात गव्हाळ, सावळे आणि काळे हेच बहुसंख्य आहेत. कागदावर अल्प दिसणारी चूक इथे कोणाच्या वाट्याला येईल हे कळायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. ओठ मिटून, मान ताठ ठेवून काढलेला फोटो यंत्राने नाकारला की आपल्या गावातला स्टुडिओवाला काय करतो हे मी पाहिले आहे: तो संगणकावर चेहरा दोन छटा उजळ करतो. यंत्राचे समाधान होते आणि पासपोर्टवर जरा वेगळा माणूस जातो.

माणसाची चूक आणि यंत्राची चूक यांतला खरा फरक टक्केवारीतला नाही. आपल्या कायद्यानेच तो फरक ओळखलेला आहे. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्यानंतर झालेल्या पासपोर्ट कायद्यात अर्ज नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत, मागितल्यास त्यांची प्रत द्यावी आणि अपिलाची सोय असावी, अशा तरतुदी आल्या. देशाच्या सुरक्षेसारखे अपवाद ठेवले गेले, आणि त्यांच्या आडोशाने १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारणे न देता जप्त झाला तेव्हा १९७८ च्या निकालाने सरकारची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे असे बजावले. या दोन निकालांचे सार एका वाक्यात मावते: प्रवास अडवणाऱ्याने कारण दिले पाहिजे. आता विमानतळावरचे स्वयंचलित दार उघडले नाही तर कारण कोण देणार? चेहऱ्याचे यंत्राने केलेले गणिती रूप धारकाला दिसत नाही, दिसले तरी कळत नाही, आणि दारापाशी उभा असलेला कर्मचारी प्रामाणिकपणे सांगतो की त्यालाही कळत नाही.

हे दूरच्या भविष्याबद्दलचे बोलणे नाही. डिसेंबर २०२२ पासून ‘डिजियात्रा’ या विमानतळांवरच्या सोयीत देशांतर्गत प्रवाशांचा चेहरा हाच प्रवेशपत्र होऊ लागला. २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईसह आणखी सात विमानतळांवर, आधी नोंदणी केलेल्या प्रवाशांसाठी स्वयंचलित इमिग्रेशन दारे सुरू झाली. आपल्या पासपोर्टमध्येही आता चिप येत आहे. या सोयी ऐच्छिक आहेत आणि वेळ वाचवतात, हे मान्य. पण ऐच्छिक गोष्ट सक्तीची व्हायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही, आणि बहुधा त्यासाठी कायदाही करावा लागत नाही: माणसाने तपासायच्या खिडक्या कमी केल्या की पुरते.

इथे दोन कामांत भेद करणे अत्यावश्यक आहे. पासपोर्टमधला फोटो आणि समोरचा चेहरा एकच आहेत का हे पाहणे हे एक काम. एखादा चेहरा लाखो लोकांच्या फोटोंच्या साठ्यात शोधणे हे दुसरे. पहिल्यात प्रवासी स्वतः समोर येतो, दुसऱ्यात आपल्याला शोधले जात आहे हे त्या माणसाला ठाऊकही नसते. मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, दिल्लीच्या दंगलीतील ११०० हून अधिक लोकांची ओळख चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने पटवली आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रे व वाहन परवाने यांची माहिती वापरली. दंगलखोर सापडलेच पाहिजेत. परंतु मत देण्यासाठी आणि गाडी चालवण्यासाठी दिलेला फोटो पोलिसांच्या शोधात वापरता येईल असे फोटो देताना कोणालाही सांगितलेले नव्हते, आणि या वापरावर मर्यादा घालणारा स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता, आजही नाही. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा रद्द होऊन २०२२ मध्ये आलेल्या कायद्याने बुबुळांपर्यंत सर्व मोजमापे घेण्याची आणि ती ७५ वर्षे ठेवण्याची सोय केली. त्यावर निदान संसदेत चर्चा झाली. निरपराध नागरिकाने स्वखुशीने दिलेल्या फोटोबद्दल तेवढीही झालेली नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे बोट दाखवले जाते, पण त्यातच सरकारने अधिसूचित केलेल्या आपल्या यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवलेली आहे.

फसवणूक करणारेही स्वस्थ बसलेले नाहीत, ही दुसरी बाजू टाळून चालणार नाही. दोन माणसांचे चेहरे संगणकावर एकत्र मिसळून असा फोटो बनवता येतो की तो दोघांचाही वाटावा आणि एका पासपोर्टवर दोघांनी फिरावे. २०१८ मध्ये जर्मनीतील एका कार्यकर्त्यांच्या गटाने असा फोटो देऊन खरा पासपोर्ट मिळवून दाखवला. जर्मनीने मे २०२५ पासून कागदी फोटो घेणे बंद केले. आता फोटो कार्यालयातच घेतला जातो किंवा मान्यताप्राप्त छायाचित्रकाराकडून सुरक्षित मार्गाने थेट येतो. आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रांत मोठ्यांचे फोटो खिडकीवरच काढण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. या बाबतीत आपण पुढे होतो, हे नोंदवायला हवे. फोटो कसा घ्यावा याची काळजी आपण घेतली. घेतल्यानंतर त्याचे काय व्हावे, याची घेतली नाही.

म्हणून मागणी नेमकी आणि मर्यादित आहे. पासपोर्टसाठी दिलेला फोटो धारक समोर असताना त्याची ओळख पटवण्यासाठीच वापरता येईल, अन्य शोधासाठी तो हवा असेल तर त्या प्रकरणापुरता न्यायालयाचा आदेश लागेल, असे पासपोर्ट कायद्यातच लिहिले जावे. यंत्राने नाकारलेल्या प्रवाशाला नाकारल्याची वेळ, ठिकाण आणि कारण नोंदवलेला कागद तिथल्या तिथे मिळावा, आणि निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला माणूस प्रत्येक ठिकाणी हजर असावा. त्याचबरोबर कोणत्या वर्णाच्या, वयाच्या आणि लिंगाच्या प्रवाशांना यंत्र किती वेळा नाकारते याचे आकडे दरवर्षी संसदेपुढे यावेत. यातली कोणतीही गोष्ट तंत्रज्ञानाला अशक्य नाही आणि सुरक्षेला बाधक नाही. वेळ नाही ही सबबही टिकणारी नाही: साहनी खटल्याचा निकाल १० एप्रिल १९६७ रोजी लागला आणि त्याच वर्षीच्या २४ जूनला पासपोर्ट कायदा झालेला होता.